कुणाच्याच वहीत नसलेली गिऱ्हाइकी

मोबाईलवरच्या व्यवहारांची वाढ सांगणारे आकडे दर महिन्याला छापून येतात. २०१६ साली यूपीआय सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार १००० कोटींच्या पुढे गेले आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, २००० कोटींच्या पुढे. आकडे खरे आहेत, डोळे दिपवणारेही आहेत. पण बेळगावात बसून ते वाचताना मला दुसराच प्रश्न पडतो. यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातलं गाव कुठं धरलंय? निपाणीतल्या मसालेवाल्या बाईचं कोल्हापुरातलं गिऱ्हाईक कुठं धरलंय? सीमाभागाचा विषय निघाला की कंपन्यांचे आणि खात्यांचे लोक एक ठरलेलं उत्तर देतात, ‘तिकडे तेवढी मागणी नाही.’ हे उत्तर चुकीचं आहे. मागणी भरपूर आहे, मोजायची जागा चुकली आहे. मोजणी चालते टॉवरवार आणि राज्यवार, आणि इथल्या माणसाचं जगणं या दोन्हींत बसत नाही.

मागणी बघायची असेल तर पावसाळा संपल्यावर बेळगावच्या एपीएमसी यार्डात रताळ्याच्या हंगामात एक चक्कर मारावी. शिनोळीच्या बाजूने चंदगड तालुक्यातले टेम्पो येतात. म्हणजे शेतकरी महाराष्ट्रातला, बाजार कर्नाटकातला. पोती उतरतात, सौदा होतो, हमाली-तोलाई वजा जाता हिशेबाची पट्टी हातात पडते. पूर्वी खरा खोळंबा इथूनच सुरू व्हायचा. व्यापाऱ्याकडे रोकड आली का, बँकेतून माणूस परत आला का, ‘उरलेले पुढच्या बाजाराला घ्या’ म्हणाला तर काय करायचं, आणि मिळालेली रक्कम कमरेला बांधून गर्दीतून गाडी कशी गाठायची. आता व्यापारी पट्टीचा फोटो काढतो, रक्कम टाकतो, आणि मेसेज कित्येकदा शेतकऱ्याच्या नव्हे, पुण्यात कामाला असलेल्या त्याच्या पोराच्या फोनवर वाजतो. पोरगा तिथून फोन करून सांगतो, ‘आले पैसे, निघा.’ मग टेम्पो वळतो.

या एका व्यवहारात दोन राज्यं, दोन टेलिकॉम सर्कल (म्हणजे फोनसेवेचे विभाग) आणि तीन गावं गुंतली आहेत. टेलिकॉमच्या नकाशात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, तर कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवासुद्धा महाराष्ट्र सर्कलमध्ये. आमची भाजी पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला जाते आणि तिचे पैसे दुपारपर्यंत फोनवर परत येतात. गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात खरेदीला आलेल्या माणसांत चंदगड-गडहिंग्लजचे किती आणि तालुक्यातले किती हे दुकानदार बोलण्यावरून ओळखतो. स्कॅनरला ते ओळखायची गरज पडत नाही. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये कंडक्टर सुट्ट्यावरून कुरकुर करायचे, तेही आता स्कॅनर पुढे करतात.

हे सगळं ‘डिजिटल व्हा’ असं कुणी सांगितलं म्हणून झालं नाही. ज्यांची कामं हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात त्यांना हद्द ओलांडणारं साधन लागतंच. एके काळी निपाणीहून कोल्हापूरला मोबाईल लावला की तो एसटीडी व्हायचा. कोगनोळीच्या पुढे गेलं की रोमिंग सुरू, आणि सीमेवरच्या गावात तर घरात बसूनही फोनने पलीकडचा टॉवर पकडला की बॅलन्स उडायचा. म्हणून कित्येकांच्या खिशात दोन सिम असायची, एक कोल्हापूरचं, एक बेळगावचं. २०१६-१७ मध्ये डेटा स्वस्त झाला, रोमिंगची कटकट संपली, त्यातच नोटाबंदी आली. वाट आधीपासून तुंबलेली होती, बांध फुटल्यावर पाणी धावलं एवढंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद पडल्या. आम्हाला त्याची सवय आहे. काळ्या दिनाचा नोव्हेंबर आला, बेळगावातलं विधिमंडळ अधिवेशन आलं, की असं काहीतरी होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत झालं. पण त्या दिवसांतही बेळगाव-कोल्हापूर व्यवहार थांबला नाही, कारण पैसे बसमधून जात नव्हते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. बाजाराने तोवर थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

आता जिथं हे पाणी पोचलंच नाही तिथं जाऊ. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्याच्या आतबाहेरची गवाळी, कोंगळा, पास्तोली अशी मराठी बोलणारी गावं. या गावांत रेंज ही घरात असायची वस्तू नाही. ती एखाद्या ठरलेल्या उंचवट्यावर, एखाद्या वळणावर मिळते आणि माणसं तिथं जाऊन उभी राहतात. पावसाळ्यात तेही नाही. कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, झाडं तारांवर पडतात, वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास टिकते आणि मग आख्खा टापू गप्प होतो.

या गावांत मागणी नाही म्हणणाऱ्याने एक साधी गोष्ट बघावी. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये घरातल्या बाईच्या खात्यात येतात. ते आले का, हे बघायलाही फोन लागतो. ते काढायला ती बाई जांबोटीला नाहीतर खानापूरला जाते, केंद्रावर अंगठा लावते, जमलं तर तिथेच नातवाकडून वीजबिल भरून घेते, कुणाला द्यायचे ते पाठवते. शक्ती योजनेमुळे बसचं तिकीट लागत नाही, हे खरं. रोजगाराचा दिवस मात्र जातो, त्याला कुठलीच योजना नाही. आणि हा सगळा व्यवहार नोंदला कुठं जातो? खानापूरच्या टॉवरवर, खानापूरच्या केंद्रावर. तिच्या गावाच्या नावापुढे शून्य. तिच्या फोनचा रिचार्ज बहुतेक वेळा गोव्यात किंवा पुण्यात असलेला मुलगा करतो. त्याचं स्वतःचं सिम महाराष्ट्र सर्कलचं. म्हणजे ज्या घरातून महिन्याला चार-सहा व्यवहार होतात, ते घर कंपनीच्या कागदावर गिऱ्हाईकच नसलेलं घर ठरतं. मग कंपनी म्हणते, इथं टॉवर परवडत नाही. टॉवर नाही म्हणून व्यवहार बाहेर होतो, आणि व्यवहार बाहेर होतो म्हणून टॉवर नाही.

बेळगाव शहरात ५जीचे फलक लागले तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या रेशन दुकानदाराने मला विचारलं होतं, ‘आमच्या मशीनला २जी तरी मिळेल का?’ त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. रेशनचं मशीन अंगठा घेतं, तो ताडून बघायला नेटवर्क लागतं, आणि ते नसलं की रांग उन्हात उभी. यामागे तंत्राचं साधं कारण आहे. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतूनही बऱ्यापैकी पार होतात. शहरात ५जीचा मुख्य भार ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असतो, त्याची धाव थोडी. त्यामुळे शहरातला वेग वाढला म्हणून जंगलातली रेंज वाढत नाही. तिथं खालच्या पट्ट्यावरचे, उंचावरचे आणि दमदार बॅटरीचे टॉवरच हवेत. फोनपे, गूगलपे चालायला फार वेग लागतही नाही. लागतो तो न तुटणारा धागा.

अभयारण्यात टॉवर नको असं वनखातं म्हणतं, आणि ती हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तिथल्या जंगलाला माणसांच्या सोयींपासून जपायलाच हवं. पण प्रत्येक गावात टॉवर उभा करा असं कुणी म्हणत नाही. अभयारण्याच्या कडेला, आधीच असलेल्या रस्त्यालगत, उंच जागी थोडे टॉवर उभे करून बराच टापू झाकता येईल का, याची पाहणी तरी व्हावी. काही कुटुंबांच्या स्थलांतराची बोलणी चालू आहेत. ती पूर्ण होईपर्यंत माणसं तिथंच राहणार, आजारी पडणार, बाळंत होणार. रेंज ही रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावायचीही सोय आहे, हे व्यापाराच्या लेखात सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं.

पैसा नाही हे कारण तर अजिबात चालणार नाही. गावाकडच्या टेलिफोन सेवेसाठी सगळ्या कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम केंद्र सरकार कित्येक वर्षं घेत आलं आहे. त्या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, ९७,५०० टॉवरचा आकडा सांगितला गेला. पण कागदावर ‘सेवा पोचलेलं गाव’ म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला विचारून कुणी ठरवत नाही. पंचायतीच्या मुख्य गावात रेंज आली की तिच्या वाड्याही आल्या असं धरलं जातं; इथं मुख्य गाव आणि वाडी यांच्यात ओढा, घाट आणि पाचसहा किलोमीटर जंगल असतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल, की इतक्या लहान लहान व्यवहारांचा हिशेब सरकारने ठेवायचा तरी कसा? त्याचं उत्तर कर्नाटक सरकारनेच जुलै २०२५ मध्ये देऊन ठेवलं आहे. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर आलेल्या पैशांची माहिती काढून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. भाजीवाले, बेकरीवाले, चहावाले हादरले. बेंगळुरूत ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. नंतर मुख्यमंत्र्यांनी माघार घेतली, जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं. त्या दिवसांत आमच्या रविवार पेठेतही दुसरा विषय नव्हता. करचुकवेगिरीची बाजू मी घेत नाही. मुद्दा वेगळा आहे. चहावाल्याच्या चार वर्षांच्या जमेचा रुपयान् रुपया ज्या यंत्रणेला एका दमात काढता येतो, तिला खानापूरच्या कुठल्या गावातली माणसं पैसे काढायला किती लांब जातात हे काढता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? रेशनकार्डं गाववार आहेत, गृहलक्ष्मीच्या लाभार्थी गाववार आहेत, आधारवर काढलेले पैसे कुठल्या केंद्रावर निघाले हेही नोंदलेलं आहे. तीन याद्या शेजारी ठेवल्या की मागणीचा नकाशा तयार. वसुलीसाठी जी नजर तीक्ष्ण असते ती सोयीच्या वेळी मंद होते, हे नवं नाही. पण आता ‘माहिती नाही’ ही सबब उरलेली नाही.

जीएसटीवरून सीमेचा खरा काच कळतो, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून एक चांगली सोय झाली. उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करताही ऑनलाइन बाजारपेठेच्या ॲपवरून माल विकता येऊ लागला. कर्नाटकात वस्तूंसाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. घरात मसाला कुटणारी, शेंगाचटणी करणारी बाई हजार वेळा मोजली तरी त्या मर्यादेत बसते. पण अट अशी की माल राज्याबाहेर जाता कामा नये.

बेंगळुरूतल्या किंवा हुबळीतल्या माणसाला ही अट जाणवतसुद्धा नाही. निपाणीतल्या बाईला जाणवते. निपाणीहून बेंगळुरू साडेपाचशे किलोमीटरपेक्षा लांब. तिथं ती नोंदणीशिवाय माल पाठवू शकते. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, तिथं नाही. आता कांदा-लसूण मसाला मागणारं गिऱ्हाईक कुठं असणार? तिची नणंद कोल्हापुरात, बहीण इचलकरंजीत, चवीची माणसं सगळी तिकडे. कोल्हापूरच्या बाईने निपाणीला येऊन दोन किलो मसाला हातात घेऊन जावा, त्याला हरकत नाही. तोच मसाला फोनवर मागवला, पैसे फोनवर दिले आणि पार्सलने पाठवला, की तो आंतरराज्य पुरवठा, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. नोंदणी आली की विवरणपत्रं आली, हिशेबनीस आला, त्याची फी आली. मग ती काय करते? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डबा देते, पैसे फोनवर घेते आणि गप्प बसते. तिच्या धंद्याची वाढ तिच्या ओळखीतली माणसं किती वेळा ये-जा करतात यावर ठरते.

मजा अशी की सेवांना ही अडचण नाही. २० लाखांच्या आतला सेवा देणारा माणूस नोंदणीशिवाय दुसऱ्या राज्यातही सेवा देऊ शकतो. म्हणजे त्याच निपाणीतली शिक्षिका कोल्हापूरच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी बेलाशक घेऊ शकते. शेजारची मसालेवाली मात्र अडकते. काही हस्तकलेच्या वस्तूंनाही सवलत आहे. तेव्हा छोट्यांसाठी राज्याची हद्द सैल करणं कायद्याला जमत नाही असं नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन बघा. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या बेळगावसह चार जिल्ह्यांना मिळून दिलेलं आहे. चपलेला जे कळलं ते मसाल्याच्या बाबतीत कळायला हरकत नसावी.

कर खात्याची भीती मी ओळखून आहे. ते म्हणतील, सीमेवर सूट दिली की मोठे व्यापारी छोट्यांच्या नावाने माल पलीकडे ढकलतील. पण ॲपवरून विकणाऱ्याचा पॅन नोंदलेला असतो, पैसे बँकेतून येतात, मर्यादा ओलांडली की ती दिसतेच, हे नोटिसांच्या प्रकरणाने सिद्ध केलं. आणि ज्याला राज्यात कर लागत नाही त्याच्या मालात दुसऱ्या राज्याचा बुडणारा वाटा तो किती? ४० लाखांच्या आतल्या विक्रेत्याला ॲपवरून देशभर विकू द्यावं हे उत्तम. तेवढं धाडस नसेल तर निदान लागून असलेल्या जिल्ह्यांपुरतं तरी द्यावं. जीएसटी परिषदेत कर्नाटकाचाही मंत्री बसतो, महाराष्ट्राचाही. एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन राज्यांना एकत्र मांडता येईल असा हा विषय आहे, आणि यात कुणाची एक इंचही जमीन जात नाही.

या नव्या व्यापारात आमचं काही गेलंही आहे. बेळगावचा बाजार पिग्मीवर, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीवर वाढला. पिग्मी ही कर्नाटकचीच देणगी, सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत सुरू केलेली. इथल्या मराठी पतसंस्थांनी ती गल्लोगल्ली नेली. संध्याकाळी एजंट यायचा, पन्नास-शंभर घ्यायचा, आणि वर्षभराच्या त्या नोंदींवर भाजीवाल्याला कर्ज मिळायचं. पतसंस्था बँक नाही, त्यामुळे ती यूपीआयमध्ये थेट उतरू शकत नाही. दिवसाची विक्री आता दूरच्या बँकेतल्या खात्यावर जमा होते, आणि त्या विक्रीच्या नोंदींवर कर्जाचा मेसेज येतो तो ॲपचा. व्याज किती, हप्ता चुकला तर कुणाला भेटायचं, हे सांगायला गल्लीत कुणी नाही. यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही म्हणतात, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या बॉक्सचं महिन्याचं भाडं मात्र कापलं जातंच. पतसंस्थांनी एखाद्या बँकेच्या साहाय्याने आपला स्कॅनर काढावा, वसुली आणि कर्ज दोन्ही त्यावर आणावं. काही जण त्या खटपटीत आहेत, बाकीचे वार्षिक सभेत लाभांश वाटण्यात मग्न आहेत.

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इथं बोलायला लागलं की मूळ विषय राहतो बाजूला. पैसे भरायच्या ॲपमध्ये मराठी आहे, कन्नडही आहे, दुकानातला बॉक्सही हवी ती भाषा बोलतो. कंपन्यांना गिऱ्हाईक हवं असतं, त्यामुळे त्यांनी भाषेचा प्रश्न विनातक्रार सोडवला. अडचण येते ती पैसे अडकल्यावर किंवा फसवणूक झाल्यावर. १९३० या नंबरवर सायबर फसवणुकीची तक्रार पहिल्या तासाभरात गेली तर पैसे वाचायची शक्यता जास्त. त्या तासात सत्तर वर्षांच्या माणसाने कुठल्या भाषेत सांगायचं याचा विचार बेळगाव, चिकोडी, खानापूरसाठी वेगळा व्हायला हवा. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व देशाने फार पूर्वीच मान्य केलं आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभांत जंगलपट्ट्यातल्या पंचायतींनी ‘टॉवर द्या’ एवढाच ठराव करू नये. तसे ठराव ढिगाने पडून आहेत. ठरावाला वाडीवार यादी जोडावी: रेशनकार्डं किती, गृहलक्ष्मीची खाती किती, घरात चालू फोन किती, बाहेरगावी कमावणारे किती आणि ते महिन्याला गावी पैसे कसे पाठवतात, पैसे काढायला सर्वात जवळचं केंद्र किती लांब, पावसाळ्यात रेंज किती दिवस बंद असते. सगळी माहिती अंगणवाडीताईंकडे, रेशन दुकानदाराकडे आणि पोस्टमनकडे आहेच. यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, एक प्रत बीएसएनएलकडे, एक खासदारांकडे. आणि निपाणी-चिकोडीच्या बचत गटांनी आपल्या गिऱ्हाइकांतली किती टक्के महाराष्ट्रातली आहेत ते लिहून दोन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांना पाठवावं, मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक.